पोस्टकार्डाएवढे चित्र



चित्रकलेवरच्या व्याख्यानात शैलीविषयी, रंगरेषांविषयी, फार तर चित्रकाराच्या विपन्नावस्थेविषयी बोलले जाते. चित्राच्या किमतीविषयी बोलणे मात्र थोडे अप्रशस्त समजले जाते. आज मला किमतीविषयी आणि आकाराविषयीच बोलायचे आहे. या दोन गोष्टी चित्रकाराच्या हाताला काय करायला मोकळीक देतात आणि काय नाकारतात, हा माझ्या मते कलेचाच प्रश्न आहे आणि तो हिशेबनिसावर सोपवून चालणार नाही.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात ड्वेन कायझर या चित्रकाराने एक नेम सुरू केला. रोज पोस्टकार्डाएवढे एक तैलचित्र पूर्ण करायचे आणि ते इंटरनेटवर विक्रीला ठेवायचे. किंमत आरंभी शंभर डॉलर होती. पुढे ईबेवरच्या लिलावात जी येईल ती. पाठोपाठ फेब्रुवारी २००५ पासून फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात राहणाऱ्या ज्युलियन मेरो-स्मिथ या इंग्रज चित्रकाराने ‘पोस्टकार्ड फ्रॉम प्रोव्हान्स’ या नावाने असाच उपक्रम हाती घेतला. कॅरल मरीन या अमेरिकन चित्रकर्तीने २००६ मध्ये या वाटेने जायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ‘डेली पेंटिंग’ हे पुस्तक लिहून तिने या पद्धतीची घडी बसवून दिली. आज जगभर, आणि आपल्या पुण्या-मुंबईतही, कितीतरी चित्रकार फोनच्या पडद्यावरून अशी छोटी चित्रे विकतात. यातली पुष्कळ चित्रे सामान्य असतात, हे मी आधीच मान्य करतो. तरीही हा प्रकार हौशी लोकांचा उद्योग म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. लहान आकार, लहान किंमत आणि रोजचा नेम ही तीन एकत्र आली की चित्र बिघडण्याची किंमत उतरते. चित्रकाराला बिघडवणे परवडते आणि घेणाऱ्याला चुकणे परवडते. गॅलरीच्या व्यवस्थेत ही सवलत दोघांनाही नसते, आणि तिच्याशिवाय चित्रकला घराघरांत पोहोचू शकत नाही. हेच माझे आजचे प्रतिपादन आहे.

यात इंटरनेटचे श्रेय किती? माझ्या मते बेताचेच. सतराव्या शतकातल्या हॉलंडकडे पाहा. तिथे राजदरबार आणि चर्च हे चित्रकाराचे जुने आश्रयदाते दुबळे झाले होते आणि चित्रे खुल्या बाजारात, जत्रेत, दुकानांत विकली जात होती. १६४० मध्ये ॲम्स्टरडॅमला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तिथल्या खाटीक-भटारी यांच्या दुकानांतही चित्रे लावलेली असतात, असे नोंदवून ठेवले आहे. प्रवाशाच्या आश्चर्यावर भिस्त ठेवू नये, असे कोणी म्हणेल. पण जॉन मायकेल मोंटियास या अर्थशास्त्रज्ञाने डेल्फ्ट शहराची नोटरी दप्तरे उघडून मृतांच्या मालमत्तेच्या याद्या तपासल्या, आणि साध्या कारागिरांच्या घरांतही चित्रे असल्याचे त्यांत निघाले. मोंटियासचे दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. यान फान होयेन आणि त्याच्या पिढीच्या निसर्गचित्रकारांनी मोजके तपकिरी-करडे रंग, पातळ थर आणि ओल्यावर ओले रंगवण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे चित्राला लागणारा वेळ घटला, किंमत उतरली आणि गिऱ्हाईक वाढले. आज संग्रहालयांत आपण ज्याला त्या काळाचे काव्यमय धूसर वातावरण म्हणतो, त्याच्या मुळाशी वेळेची बचतही आहे. म्हणजे स्वस्ताईने शैली बिघडवली नाही. उलट एक नवी शैली घडवली. फान होयेन १६५६ मध्ये कर्जबाजारी होऊन मेला हे खरे. पण त्याला जमिनींच्या आणि ट्यूलिपच्या सट्ट्याने बुडवले होते, स्वस्त चित्रांनी नव्हे.

याहून जवळचा दाखला मेलबर्नचा आहे आणि तो थोडा तपशिलात सांगण्यासारखा आहे. १७ ऑगस्ट १८८९ रोजी तिथल्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरील बक्स्टनच्या दालनात एक प्रदर्शन उघडले. नाव होते ‘नाइन बाय फाइव्ह’. हे नऊ बाय पाच इंच म्हणजे सिगारच्या पेटीच्या झाकणाचा आकार. टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कॉन्डर आणि त्यांच्या सोबत्यांनी या झाकणांच्या लाकडी फळ्यांवर उघड्यावर बसून, एका बैठकीत चित्रे केली होती. पाऊस पडून गेलेला रस्ता, धुरकट संध्याकाळ, बंदर. अशी १८० हून अधिक चित्रे मांडली आणि किमती मध्यमवर्गाला झेपतील अशा ठेवल्या. ‘द आर्गस’ या वृत्तपत्राचे समीक्षक जेम्स स्मिथ यांनी त्यावर सडकून टीका केली. ही चित्रे म्हणजे अपुरे कच्चे खर्डे, ती लोकांपुढे ठेवायचीच कशाला, असा त्यांचा रोख होता. चित्रकारांनी ते परीक्षण कापून प्रदर्शनाच्या दारावरच लावले. गर्दी झाली आणि बरीचशी चित्रे विकली गेली. आज त्यांतल्या काही फळ्या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक संग्रहालयांत आहेत, आणि तिथल्या चित्रकलेच्या इतिहासात हे प्रदर्शन एक वळण मानले जाते. स्मिथ यांचा आक्षेप मात्र जसाच्या तसा जिवंत आहे. रोज एक चित्र करणाऱ्याला आजही तोच ऐकावा लागतो, म्हणून त्याचे उत्तर पुढे देतो.

त्याआधी आपल्या घरात डोकावू. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला चित्रांचे वावडे कधीच नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हापासून देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची छापील चित्रे आपल्या भिंतींवर आहेत. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत, गिरगावात, शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे, रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरे यांवर मराठी घरांनी मनापासून प्रेम केले. वर्ष सरल्यावर कॅलेंडर कापून काचेत बसवणारी घरे पुष्कळ होती. पण हा सारा व्यवहार छापील प्रतीचा. मूळ चित्र आधी संस्थानिकाच्या महालात होते, मग उद्योगपतीच्या दिवाणखान्यात गेले. या दोहोंच्या मध्ये जी जागा होती, म्हणजे शिक्षकाच्या, बँकेतल्या कारकुनाच्या, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या घरातली जागा, तिथे मूळ चित्र जवळजवळ पोहोचलेच नाही. आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे जे. जे. स्कूल आहे, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. जलरंगात तर आपला हात देशात सरस मानला जातो. तरीही ‘तुमच्या घरात एखाद्या हयात चित्रकाराचे मूळ चित्र आहे का?’ या प्रश्नावर सुशिक्षित मराठी माणूस गप्प होतो. छापील प्रत स्वस्त आणि मूळ चित्र आवाक्याबाहेर, यांच्यामधली पायरी आपण बांधलीच नाही.

ती पायरी नसल्याची किंमत कलावंतांनी मोजली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून आयुष्यभर निसर्ग रंगवत राहिले. सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशातली त्यांची लहान चित्रे पाहिली की रोजच्या निरीक्षणाने माणसाची नजर किती सूक्ष्म होते, ते कळते. त्यांना आश्रय होता तो शाहू महाराजांचा. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली अनेक चित्रे पंचगंगेत सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. एका आश्रयदात्यावर सारी कला टांगलेली असणे म्हणजे काय, हे त्यातून दिसते. तीच लहान चित्रे शंभर घरांत एकेक करून गेली असती, तर एका मृत्यूने त्यांचा आधार तुटला नसता, आणि इतकी चित्रे नष्टही झाली नसती.

आता रोजच्या चित्राची प्रत्यक्ष कृती पाहू. तैलरंगवाले बहुधा सहा बाय सहा इंचांच्या, जेसोच्या पांढऱ्या अस्तराचा हात दिलेल्या हार्डबोर्डवर काम करतात. टेबलावर आडवे ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके, त्यात एका बाजूने सोडलेला दिव्याचा प्रकाश, आत एक कापलेले लिंबू आणि स्टीलची वाटी. डोळे बारीक करून आधी फक्त उजेड आणि सावली यांचे दोन भाग पाडायचे. लिंबाची फोड सुकत जाते, तिची ओलसर चकाकी तासाभरात मरते. म्हणून ती आधी धरायची. पांढऱ्यासह चार रंग पुरतात. जलरंगवाल्यांचा हिशेब आणखी सोपा. बावीस बाय तीस इंचांच्या एका पूर्ण कागदाचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. पहिल्या तुकड्यावर आकाशाचा वॉश फसला, तर एक अष्टमांश कागद वाया गेला. बाकी सात शिल्लक आहेत. पूर्ण कागदावर तेच आकाश रंगवताना हात आखडतो, कारण आता कागद महाग, वेळ महाग आणि प्रदर्शनाची तारीखही ठरलेली. हात आखडला की चित्रकार आधी जमलेलेच पुन्हा करतो. मोठ्या प्रदर्शनांत एकाच चित्रकाराची वीस चित्रे एकाच मुशीतली दिसतात, त्याचे एक कारण हे भय आहे. सर्जनशील माणसांच्या एकूण निर्मितीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमन्टन यांनी दाखवून दिले आहे की उत्तम कृतींची संख्या बहुतांशी एकूण कृतींच्या संख्येबरोबर वाढते. थोडे आणि फक्त उत्तम करणारे निर्माते अपवादानेच सापडतात. भरपूर करायचे तर प्रत्येक कृतीचे ओझे हलके असावे लागते.

इथे आपल्या संगीतप्रेमी समाजाकडून सर्वांत वजनदार आक्षेप येतो. रियाज घरात करायचा असतो, मैफलीत नव्हे. गायक सकाळी खर्ज भरतो, पलटे घोटतो. ते तिकीट लावून कोणी ऐकवत नाही. मग चित्रकाराने आपला सराव बाजारात का मांडावा? हा आक्षेप मला पोचतो, आणि त्यातला अर्धा भाग मी स्वीकारतो. पण रियाजाचा स्वर हवेत विरतो आणि चित्राचा सराव मागे एक वस्तू ठेवून जातो, हा फरक लहान नाही. जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अनेक अभ्यास केले. लहान कागदांवर, तैलरंगात, भराभर; आणि त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ते त्याने विक्रीसाठी केले नव्हते, मोठ्या चित्रांची तयारी म्हणून केले होते. आज त्याच्या भव्य, घोटीव चित्रांइतकेच, काहींच्या मते अधिक, हे ढग जिवंत वाटतात. एकदाच आलेल्या हवेपुढे बसून केलेल्या कामात जी दक्षता असते, ती घोटून आणता येत नाही. जेम्स स्मिथ यांना मेलबर्नच्या फळ्यांमध्ये नेमके हेच दिसले नाही. अपुरे आणि थोडक्यात पुरे केलेले यांत भेद आहे, आणि तो आकारावरून ठरत नाही.

आक्षेपाचा स्वीकारलेला अर्धा भाग असा: रोज रंगवावे, पण रोज विकू नये. ज्या दिवशी चित्र फसले, त्या दिवशी ते पुसून टाकण्याचा किंवा कपाटात ठेवण्याचा अधिकार चित्रकाराने सोडला, तर बिघडण्याची जी मुभा आपण मिळवली तीच त्याने विकून टाकली असे होईल. रोज इंटरनेटवर काहीतरी टाकलेच पाहिजे, नाहीतर लोक विसरतील, ही भीती आज चित्रकारांच्या मानेवर बसली आहे. कोणते चित्र किती जणांपुढे न्यायचे हे ठरवणारी यंत्रे कोणा एका कंपनीची आहेत, त्यांचे नियम रातोरात बदलतात, आणि चित्रकाराला त्याचा जाबही विचारता येत नाही. गॅलरीवाला निदान समोर बसून नकार देत होता. म्हणून मेरो-स्मिथ यांच्यासारख्यांनी धरलेली जुनी वाट मला शहाणपणाची वाटते: आपल्या चित्रांत रस असलेल्या माणसांची स्वतःची यादी ठेवायची आणि चित्र त्यांना टपालाने कळवावे तसे थेट कळवायचे. पाचशे अनोळखी कौतुकांपेक्षा तीस ओळखीचे ग्राहक चित्रकाराला अधिक मोकळे ठेवतात.

विषयांच्या तोचतोचपणाचा आरोपही खरा आहे. नासपती, कपबशी, मांजर. आपल्याकडे घाटावरची होडी, वाड्याचा दरवाजा, पावसातली छत्री. पण याचे खापर लहान आकारावर फोडू नये. दोष विक्रीच्या पद्धतीत शोधावा, आणि माझे बोट लिलावाकडे आहे. रोजच्या चित्राचा रोज लिलाव म्हणजे चित्रकाराच्या कामावर रोज जाहीर गुण. मांजराला दुप्पट बोली आली आणि रिकाम्या भिंतीला कोणी विचारले नाही, हे एकदा आकड्यांत दिसले की उद्या मांजर काढण्याचा मोह आवरायला फार मोठी तपश्चर्या लागते. त्यापेक्षा आपल्याकडची इंचाच्या हिशेबाने किंमत लावण्याची रूढी, जिला पुष्कळ जण गवंडीकाम म्हणून हसतात, मला अधिक न्याय्य वाटते. एका आकाराची सगळी चित्रे एका किमतीला. मग बाजार चित्रकाराच्या कानात कोणता विषय काढ हे सांगत नाही, आणि घेणाराही ‘महाग आहे म्हणजे चांगले असेल’ ही कुबडी टाकून स्वतःच्या डोळ्यांनी निवडतो.

कमी किमतीने कलेचे अवमूल्यन होते, असे ज्येष्ठ चित्रकार पोटतिडकीने सांगतात. त्यांच्या काळजीमागे आयुष्यभराचे कष्ट आहेत आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. चित्र रंगवायला दोन तास लागले, तरी त्याचा नीट फोटो काढणे, निळ्या-लाल रंगांना फोनने आणलेला खोटा भडकपणा दुरुस्त करणे, विचारणा करणाऱ्यांना उत्तरे देणे, बटर पेपरात गुंडाळून दोन जाड पुठ्ठ्यांत बांधणे, कुरिअरच्या रांगेत उभे राहणे यात तेवढाच वेळ जातो. तैलरंग वरून सुकायलाच काही दिवस लागतात आणि वार्निश करायला सहा महिने थांबावे असा संकेत आहे. कोकणातल्या पावसाळ्यात जलरंगाच्या कागदाला बुरशी धरते ती वेगळीच. हे सारे श्रम किमतीत धरलेच पाहिजेत. स्वस्त म्हणजे फुकटच्या जवळ नव्हे. जो चित्रकार कुरिअरचा खर्चही न धरता चित्र देतो, तो स्वतःचे आणि शेजारच्या चित्रकाराचेही नुकसान करतो. पण लहान चित्र परवडणारे ठेवले म्हणून मोठे चित्र पडेल भावाने जाते, या म्हणण्याला मला आधार दिसत नाही. लहान चित्र घेऊन ज्याची नजर तयार झाली, तोच पाच-दहा वर्षांनी मोठ्या चित्रापुढे थांबतो. ज्याने कधीच काही घेतले नाही, तो जहांगीरमध्ये गारवा आहे म्हणून येतो आणि घाम वाळला की निघून जातो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. अनेक आकृत्यांची रचना, महिनोन्महिने मुरणारा विचार, माणसाला सामावून घेणारे अवकाश, हे सहा इंचांत बसत नाही. पोस्टकार्डे जोडून भित्तिचित्र होत नाही. ज्याला ते करायचे आहे त्याला शिष्यवृत्ती हवी, सार्वजनिक इमारतींची कामे हवीत, संग्रहालयांची खरेदी हवी. ही समाजाची जबाबदारी आहे आणि रोजच्या चित्राकडे बोट दाखवून ती टाळता येणार नाही. तसेच पडद्यावर सहा इंची चित्र आणि सहा फुटी चित्र एकाच मापाचे दिसते, पोत तर दिसतच नाही. म्हणून इंटरनेटवरची खरेदी ही ओळखीची सुरुवात समजावी, आणि चित्रकाराने वर्षातून एकदा तरी आपली छोटी चित्रे लोकांसमोर प्रत्यक्ष मांडावीत.

तेव्हा माझी मागणी तीन ठिकाणी आहे. कलासंस्थांनी आपल्या वार्षिक प्रदर्शनात लहान चित्रांची एक भिंत राखून ठेवावी, किमती चित्राशेजारी ठळक लिहाव्यात, आणि दलाली इतकी कमी ठेवावी की चित्र परवडणारेच राहील. कलाशाळांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना किंमत ठरवणे, पावती देणे, चित्र बांधणे आणि नाही म्हणणे शिकवावे. हे विषय अभ्यासक्रमाला कमीपणा आणणारे नाहीत. आणि आपण श्रोत्यांनी, ज्यांनी पैठणी पारखून घेतली, हार्मोनियम वाजवून घेतली, त्यांनी येत्या वर्षात एखाद्या हयात चित्रकाराचे एक लहान मूळ चित्र विकत घ्यावे. किंमत विचारायला संकोच करू नका आणि घासाघीस करू नका. चित्राच्या मागे नाव, माध्यम आणि तारीख लिहून घ्या, ते ओलीच्या भिंतीवर टांगू नका, आणि पुढचे चित्र कधी दाखवणार, हे चित्रकाराला जरूर विचारा.